पावसाच्या बाहेरचा पैसा : मराठवाड्यातल्या घरासाठी दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीची पहिली मांडणी

मराठवाड्यातल्या बहुतेक घरांची इस्टेट मोजायला बसलं तर ती एकाच आभाळाखाली सापडते. गावाकडची जमीन, तालुक्याच्या पतसंस्थेतली ठेव, साखर कारखान्याचा शेअर, भावाचं कृषी सेवा केंद्र, जिल्ह्याच्या गावाबाहेर घेऊन ठेवलेला प्लॉट. नावं पाच आहेत, पण ओळीने दोन वर्षं पाऊस गेला की पाचही एकदम आखडतात. सोयाबीन हातचं जातं, दुकानाची उधारी वसूल होत नाही, पतसंस्थेची कर्जं थकतात, प्लॉटला गिऱ्हाईक मिळत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा ज्यांना घरातलं काही विकायची वेळ आली त्यांनी हे जवळून पाहिलं आहे.

म्हणून नव्याने गुंतवणूक सुरू करणाऱ्याने ‘टक्के किती मिळतील’ याच्या आधी ‘आपल्याकडे पाऊस पडला नाही तर या पैशाचं काय होईल’ हे विचारावं, असं मला मनापासून वाटतं. पुढची सगळी मांडणी या प्रश्नाभोवती आहे. ती शेतीवर जगणाऱ्या घरासाठी आहे, आणि वाळूज, शेंद्रा, जालना, नांदेडला नोकरी करून गावाकडे एक पाय ठेवलेल्यांसाठीही.

आधी वही

एका पानावर घरात जे काही आहे ते सगळं लिहा. जमीन, सोनं, पॉलिस्या, ठेवी, भिशीत भरलेली रक्कम, पाहुण्यांना दिलेले हातउसने. प्रत्येकापुढे तीन रकाने करा: आज मोडलं तर किती येतील, पैसा हातात यायला किती दिवस लागतील, आणि पाऊस गेला तर काय होईल. जमिनीचा भाव लिहिताना पारावर ऐकलेला भाव धरू नका. मागच्या वर्षभरात शेजारच्या गटाचं खरेदीखत खरोखर ज्या रकमेला झालं, ती रक्कम धरा. हे पान भरलं की बहुतेक घरांना कळतं, की तिसऱ्या रकान्यात जवळपास सगळीकडे एकच उत्तर आहे.

समोरच्या पानावर देणी लिहा. सावकाराचे महिन्याला शेकडा तीन रुपये म्हणजे वर्षाला ३६ टक्के. इतकं देणारी कोणतीही सरळ गुंतवणूक जगात नाही, तेव्हा ते फिटेपर्यंत दुसरीकडे एक रुपयाही टाकू नये. क्रेडिट कार्डाची थकबाकी त्याच रांगेत. पीक कर्जाचं गणित मात्र वेगळं आहे. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्यावर येतं. ते मुदतीआधी फेडण्याची घाई नको, पण तारीख चुकवणं फार महागात पडतं.

अडीनडीचा पैसा आणि विमा

पगारदाराने सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा, असं सगळीकडे सांगतात. शेतीवरच्या घराला तेवढं पुरत नाही. एक अख्खा हंगाम वाया गेला असं धरा, आणि वर्षभराचा घरखर्च अधिक पुढच्या पेरणीचं बियाणं-खत एवढी रक्कम बँकेच्या मुदत ठेवीत किंवा पोस्टात ठेवा. ती जमायला एक-दोन वर्षं लागली तरी चालेल. ही रक्कम नसताना शेअर बाजारात टाकलेला पैसा नेमका पडत्या भावात काढावा लागतो.

विम्याचं थोडक्यात. कमावत्या माणसाचा निव्वळ मुदत विमा म्हणजे टर्म प्लॅन, आणि सगळ्या घराचा आरोग्य विमा, या दोन गोष्टी घ्या. पैसे परत देणाऱ्या पारंपरिक पॉलिसीतून सुटणारा परतावा बहुधा वर्षाला पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असतो आणि संरक्षण तुटपुंजं. एजंट नात्यातला आहे म्हणून दरवर्षी नवी पॉलिसी घेणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. नातं जपायला दुसरे मार्ग आहेत.

पैसा कधी लागणार?

गुंतवणूक निवडण्याआधी कामाची तारीख लिहायची. मुलीचं बारावीनंतरचं शिक्षण, घराचा स्लॅब, लग्न, म्हातारपण. तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा बँक आणि पोस्टाच्या बाहेर जाऊ देऊ नका. सात वर्षांनंतर लागणारा पैसा शेअर बाजाराशी जोडलेल्या म्युच्युअल फंडात, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून शेअरमध्ये लावणाऱ्या फंडात, जाऊ शकतो. मधल्या मुदतीत दोन्हींची वाटणी करा. लातूरला नीटच्या क्लासला मुलाला पुढच्या जूनमध्ये घालायचं असेल, तर ती फी म्युच्युअल फंडात असता कामा नये, बाजार कितीही चढता असो.

काय काय निवडायचं

पहिला पाया पोस्टाचा. पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी; त्याची मुदत १५ वर्षं. वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं; एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्के झाला आणि पुढे वर्षानुवर्षं तोच राहिला. व्याज पूर्ण करमुक्त. वर्षाला ५०,००० रुपये भरले, तर १५ वर्षांत भरलेल्या साडेसात लाखांचे या दराने साडेतेरा लाखांच्या आसपास होतात. महिन्याचं व्याज ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिल्लकीवर धरतात, म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरावेत. आणखी एक गोष्ट कर्जात राहणाऱ्या घरांनी लक्षात ठेवावी: पीपीएफमधली रक्कम खाजगी कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयाच्या हुकुमानेही जप्त होत नाही.

दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी. वर्षाला किमान २५० रुपये, भरणा १५ वर्षं, खातं २१ वर्षांनी पुरं होतं, आणि १८ व्या वर्षानंतर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. दर आजवर पीपीएफपेक्षा वरचाच राहिला आहे. घरात साठ वर्षांपुढचं कोणी असेल आणि निवृत्तीचा किंवा भूसंपादनाचा मोठा पैसा आला असेल, तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तीन महिन्यांनी हातात येतं. समृद्धी महामार्गासाठी जालना, संभाजीनगर भागात मावेजा मिळालेल्या किती घरांनी तो पैसा गाड्या आणि बांधकामात घातला, हे आपण पाहिलं. त्यातला एक हिस्सा तरी आई-वडिलांच्या नावे या योजनेत असता, तर घरात दर तिमाहीला रोकड आली असती.

दुसरा भाग शेअर बाजाराचा, आणि इथे सविस्तर सांगायला हवं, कारण पावसाच्या बाहेर पडायची खरी वाट हीच आहे. निफ्टी ५० हा देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. त्यात बँका आहेत, सॉफ्टवेअर, तेल, औषधं, वाहनं, सिमेंट आहे. या कंपन्यांचं उत्पन्न मुंबई, बंगळुरू, अमेरिका, आखात अशा कितीतरी ठिकाणांहून येतं. औशाला किंवा गेवराईला पाऊस पडला नाही तर त्यांचा ताळेबंद ढासळत नाही. या पन्नासही कंपन्यांत, निर्देशांकात ज्याचा जेवढा वाटा त्याच प्रमाणात, पैसे टाकणारा फंड म्हणजे इंडेक्स फंड. त्यात कोणी हुशार व्यवस्थापक शेअर निवडत बसत नाही, म्हणून खर्च कमी.

परतावा किती? निफ्टीचा पाया नोव्हेंबर १९९५ मध्ये १,००० धरला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो २६,००० च्या वर गेला. म्हणजे वर्षाला साधारण १२ टक्के, लाभांश वेगळा. पण हे शिखरावरून मोजलेलं आहे. तेच २३ मार्च २०२० ला मोजलं असतं, तर निफ्टी ७,६०० च्या जवळ होता आणि वाढ वर्षाला पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास निघते. तुम्हाला बारा टक्क्यांचा तक्ता दाखवणारा माणूस पहिली तारीख निवडतो, दुसरी सांगत नाही. पुढचं गणित मांडताना नऊ-दहा टक्क्यांच्या वर धरू नका.

पडझड सोसायची तयारीही आधीच हवी. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, २१,००० ला पोचला होता, ऑक्टोबरपर्यंत तो ८,००० च्या घरात आला, आणि जुनं शिखर परत दिसायला २०१० चा शेवट उजाडला. २०२० मध्ये दोन-तीन महिन्यांत निफ्टी एक तृतीयांशाहून अधिक खाली गेला, पण त्याच नोव्हेंबरात तो नव्या उच्चांकावर होता. पडलेला बाजार कधी उठेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून सात वर्षांची अट. ही अट पाळता येणार नसेल तर या वाटेला जाऊ नका, पोस्टातच थांबा. त्यात काही कमीपणा नाही.

इंडेक्स फंड निवडताना चार गोष्टी पाहा. खर्चाचं प्रमाण म्हणजे एक्स्पेन्स रेशो किती. निफ्टीच्या चांगल्या फंडात तो पाव टक्क्याच्या आत मिळतो. फंडाचा परतावा निर्देशांकाच्या लाभांशासहित परताव्यापेक्षा दरवर्षी किती मागे पडतो. जितका कमी मागे तितका चांगला. प्लॅन ‘डायरेक्ट’ आहे का. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला हा प्रकार आहे आणि त्यात मध्यस्थाचं कमिशन नसतं. आणि पर्याय ‘ग्रोथ’ निवडला आहे का, म्हणजे नफा वाटून न देता फंडातच राहतो. बाकी रेटिंगचे तारे, पुरस्कार, गेल्या वर्षीचा पहिला नंबर, हे सगळं सोडून द्या.

खर्चावर एवढा भर का, तर हा हिशेब बघा. दहा लाख रुपये २० वर्षं ११ टक्क्यांनी वाढले तर ८० लाखांच्या थोडे वर जातात. १० टक्क्यांनी वाढले तर ६७ लाखांच्या थोडे वर. एका टक्क्याने १३ लाख जातात, आणि ते जाताना कधी दिसत नाहीत. अर्थात फॉर्म भरण्यापासून बाजार पडल्यावर धीर देण्यापर्यंत जो वितरक खरंच सोबत राहतो, त्याचं कमिशन मी वाया गेलं म्हणणार नाही. पण आपण किती देतो ते विचारून घ्यावं.

ट्रॅक्टर, खतं, साखर, ग्रामीण भारत अशा एकाच विषयावरचे फंड आपल्या घरांनी टाळावेत. तो पुन्हा पाऊसच झाला. तसंच आपण ज्या कंपनीत काम करतो तिचेच शेअर भरपूर घेऊन ठेवू नयेत. मंदी आली तर पगार आणि बचत एकाच दिवशी अडचणीत येते.

तिसरा भाग सोन्याचा. सोन्याचा भाव जगाच्या बाजारात आणि डॉलरमध्ये ठरतो, त्याला आपल्या पावसाशी देणंघेणं नाही. त्यामुळे एकूण गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांपर्यंत सोनं असावं. अंगावर घालायचे दागिने यात धरू नका. घडणावळ आणि घट मोडताना परत मिळत नाही. गुंतवणुकीसाठी गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखं बाजारात घेता-विकता येणारं कागदावरचं सोनं, किंवा गोल्ड फंड. चोख वळं घ्यायचंच असेल तर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक पावतीवर लिहून घ्या. सरकारी सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही.

प्लॉटबद्दल एवढंच: ज्या घराकडे जमीन आहे त्याला आणखी जमिनीची गरज सहसा नसते. घ्यायचाच असेल तर जमीन अकृषिक (एनए) असल्याचे कागद, मंजूर लेआउट आणि तीस वर्षांचा मालकी शोध वकिलाकडून झाल्याशिवाय इसार देऊ नका.

सुगीचा पैसा कसा टाकायचा

एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम फंडात टाकणं, ही कल्पना महिन्याच्या पगाराभोवती बेतलेली आहे. आपल्याकडे पैसा सोयाबीनची रास झाली की दिवाळीच्या आगेमागे येतो, मग कापूस आणि तूर, उसाचं बिल कारखान्याच्या सवडीने. मोंढ्यातली पट्टी हातात पडली की त्याच आठवड्यात तीन वाटे करा: देणी, पुढचा हंगाम, आणि गुंतवणूक. गुंतवणुकीचा वाटा दिवाळीनंतर खात्यात तसाच राहिला, तर लग्नसराईपर्यंत तो उरत नाही.

त्या वाट्यातली पीपीएफची रक्कम एकदम भरून टाका. शेअर बाजाराच्या वाट्याची रक्कम एखाद्या फंड कंपनीच्या लिक्विड फंडात, म्हणजे अगदी थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसा ठेवणाऱ्या फंडात, ठेवा, आणि तिथून दरमहा ठरावीक रक्कम त्याच कंपनीच्या इंडेक्स फंडात आपोआप जाईल अशी सूचना द्या. याला एसटीपी म्हणतात. साठ हजार ठेवले तर दरमहा पाच हजार, पुढच्या सुगीपर्यंत. बाजार चढा असो की उतरता, पैसा वर्षभर थोडाथोडा जात राहतो आणि तारीख निवडायची कटकट राहत नाही.

खातं उघडायला पॅन, मोबाईलला जोडलेलं आधार आणि बँक खातं लागतं. फंड कंपनीच्या संकेतस्थळावर थेट उघडता येतं. पासवर्ड आणि ओटीपी गावातल्या सेवा केंद्रावर दुसऱ्याच्या हाती देऊ नका. घरातला शिकणारा मुलगा किंवा मुलगी बसवा. मोबाईल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्या. वारसाचं नाव प्रत्येक ठिकाणी नोंदवा, आणि निम्मी तरी गुंतवणूक घरातल्या बाईच्या स्वतःच्या नावावर असू द्या. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला अडचणीच्या काळात हाच आधार असतो.

पतसंस्था, मल्टिस्टेट आणि मोबाईलवरचे गुरू

बीड, जालना, संभाजीनगर भागात गेल्या काही वर्षांत हजारो लोकांच्या ठेवी पतसंस्था आणि मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या सहकारी, सोसायट्यांत अडकल्या. मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे, ऑपरेशनचे पैसे होते ते. म्हणून हा फरक पक्का लक्षात घ्या. बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक का असेना, एका माणसाची एका बँकेत मिळून पाच लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. पतसंस्थेच्या आणि मल्टिस्टेट सोसायटीच्या ठेवीला हे संरक्षण नाही. काचेचं दार, एसी आणि गणवेशातला शिपाई पाहून ती बँक होत नाही. मोठ्या बँका सहा-सात टक्क्यांच्या आगेमागे देत असताना कोणी बारा-तेरा देऊ करत असेल, तर तो तुमचा पैसा त्याहून महाग दराने कोणालातरी देतो आहे, आणि तो घेणारा बहुतेक तुमच्याच तालुक्यातला, त्याच पावसावरचा असतो. सभासद म्हणून थोडी ठेव ठेवायची तर ठेवा, पण गेली तरी घर हलणार नाही एवढीच.

दुसरा धोका मोबाईलवर आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तीन वर्षांत तोटा झाला, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. गावागावातली पोरं टेलिग्रामच्या टिपांवर बापाची पट्टी घालवत आहेत. सल्ला घ्यायचाच तर सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराचा घ्या. नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पाठवू नका.

एका घराचं उदाहरण

समजा औसा तालुक्यात सहा एकर आहे, वडील शेती बघतात. मुलगा वाळूजला कंपनीत, हातात ३०,००० येतात, बायको आणि चार वर्षांची मुलगी. पगारातून महिन्याला पाच हजार आणि शेतीतून वर्षाला साठ हजार बाजूला पडू शकतात. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष सगळं अडीनडीच्या ठेवीत, दीड लाख होईपर्यंत. त्यानंतर पगारातले एक हजार सुकन्याला, तीन हजार निफ्टीच्या इंडेक्स फंडात, एक हजार गोल्ड फंडात. शेतीतले चाळीस हजार पीपीएफमध्ये, उरलेले वीस पेरणीच्या राखीव ठेवीत.

तीन हजारांची ती एसआयपी २० वर्षं दहा टक्क्यांनी वाढली, तर भरलेल्या सात लाख वीस हजारांचे तेवीस लाखांच्या आसपास होतात. आठ टक्क्यांनी वाढली तर पावणेअठरा. मात्र महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर तेव्हाच्या तेवीस लाखांत आजच्या जेमतेम सव्वासात लाखांची खरेदी होईल. म्हणून पगार वाढेल तसा हप्ता दरवर्षी दहा टक्क्यांनी तरी वाढवायचाच. हा भाग बहुतेक जण विसरतात.

वर्षातून एकदा, येळवशीनंतरच्या (वेळा अमावास्येनंतरच्या) आठवड्यात, वही काढून बसा; सगळे घरी असतात. ठरवलेल्या वाटणीपेक्षा शेअरचा भाग फार वाढला असेल तर नवा पैसा पोस्टात वळवा, फार घटला असेल तर उलट. इंडेक्स फंड एक वर्षाहून जास्त ठेवून विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के.

आणि पाऊस गेलाच, तर काय आधी मोडायचं हे त्याच वहीत आज लिहून ठेवा. आधी एसआयपी थांबवा; त्याला दंड नसतो आणि आधी भरलेला पैसा तसाच वाढत राहतो. मग अडीनडीची ठेव. ती संपली तर बँकेत सोनं तारण, सावकाराकडे नको. त्यानंतर गोल्ड फंड, मग इंडेक्स फंडातलं लागेल तेवढंच. पीपीएफ चालू राहावं म्हणून त्या वर्षी ५०० रुपये आणि सुकन्यात २५० रुपये मात्र ३१ मार्चच्या आत भरा.